तरक्षू ते तरस

मराठीतला ‘तरस’ हा शब्द वैदिक ‘तरक्षु’पासून आलेला, मधला टप्पा पाली-प्राकृतातल्या ‘तरच्छ’चा. वाजसनेयी संहितेच्या २४व्या अध्यायात अश्वमेधातला कोणता प्राणी कोणाचा, याची लांबलचक यादी आहे. तीत काळा कुत्रा आणि गाढव यांच्याबरोबर तरक्षू राक्षसांच्या वाट्याला जातो. शेजार पाहता त्याची पत ध्यानात येते.

‘सालावृक’ या शब्दाचा पेच याहून जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी पुरूरव्याला बजावते, की बायकांचे सख्य टिकत नसते, त्यांची काळजे सालावृकांची. तैत्तिरीय संहितेत इंद्र यतींना सालावृकांच्या तोंडी देतो आणि ते त्यांना उत्तरवेदीच्या दक्षिणेला खातात. भाषांतरकारांनी इथे लांडगा, कोल्हा, कुत्रा असे सगळे घालून पाहिले. स्टेफनी जेमिसन यांनी १९९१ मध्ये या कथेवर ग्रंथच लिहिला आणि सालावृक म्हणजे तरस, असा पक्ष मांडला.

पुढच्या काव्यांत तरक्षू उरतो तो नुसता यादीत. अरण्यकांडात भिक्षूच्या वेषातला रावण सीतेला विचारतो, सिंह, वाघ, अस्वल, तरस यांच्या रानात तुला भीती कशी वाटत नाही? अमरकोश ‘मृगादन’ एवढा पर्याय देऊन पुढे सरकतो.

वैद्यांनी मात्र तो नीट पाहिला होता. चरकाने त्याला झडप घालून खाणाऱ्या ‘प्रसह’ प्राण्यांत धरले, सुश्रुताने ‘गुहाशय’ म्हणजे गुहेत राहणाऱ्यांत. आणि कपारीत, बिळात राहणे ही तरसाची खरीच सवय. सुश्रुताच्या कल्पस्थानात पिसाळलेला कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ यांचे वर्णन आहे: शेपूट, हनुवटी आणि खांदे लोंबलेले, तोंडातून लाळ गळते, दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि ते एकमेकांवर धावून जातात. बौद्ध विनयात भिक्षूंना वर्ज्य असलेल्या दहा मांसांत तरसाचेही आहे. कारण व्यवहारी: ते मांस खाल्लेल्या भिक्षूंवर वासाने तीच जनावरे रानात तुटून पडली, अशी हकीकत तिथे येते.

शिल्पकारांना मात्र तरसाचे आकर्षण दिसत नाही. सिंधू मुद्रांवर गेंडा, हत्ती, वाघ, रेडा चटकन ओळखू येतात. या ठळक प्राण्यांत तरस नाही. पुढे चामुंडेच्या मूर्तींत प्रेत येते, स्मशान येते. तरसाला याहून सोयीची जागा कुठली? पण प्रेताला तोंड लावलेले जनावर तिथे बहुधा कोल्हा असते. उतरती पाठ, मानेवर आयाळ, अंगावर पट्टे, एवढ्या खुणा असूनही छिन्नी तिकडे वळली नाही.