एंजलफिश पाळायचा आहे? आधी पाणी तयार करा, मग मासा आणा

नवा फिशटँक, काचेसारखे स्वच्छ पाणी, टवटवीत मासे. तरीही दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक मासे मरतात आणि ‘एंजलफिश फार नाजूक असतो’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात नीट सांभाळला तर हा मासा आठ-दहा वर्षे जगू शकतो. बहुतेक वेळा चूक माशाची नसते, घाईची असते.

मूळचा कुठला?

एंजलफिशचे शास्त्रीय नाव टेरोफायलम स्केलारे. तो दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या संथ, उबदार पाण्यात राहतो. पाणवनस्पती आणि बुडालेल्या मुळांच्या फटींतून सहज सरकता यावे असे त्याचे चपटे शरीर असते आणि अंगावरच्या उभ्या पट्ट्यांमुळे तो तिथे लपून जातो. आपल्याकडे बाजारात मिळणारा तिलापिया आणि हा मासा एकाच सिक्लिड कुळातले. दुकानांतले काळे, चंदेरी, मार्बल किंवा कोई एंजल बहुतेक पाळीव पैदाशीतून आलेले असतात.

टँक केवढा हवा?

दुकानातला रुपयाएवढा मासा वर्षभरात तळहाताएवढा होतो. पंखांसह त्याची उंची लांबीपेक्षा जास्त भरते. म्हणून काचेचे गोल भांडे त्याच्यासाठी चालत नाही. एका जोडीसाठी 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि 45 सेंमी उंच टँक किमान समजावा. त्यात साधारण 80 लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून त्याचे वजन 100 किलोच्या पुढे जाते, त्यामुळे खालचे टेबल मजबूत हवे.

नव्या टँकमध्ये मासे का मरतात?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग त्यामानाने कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून मासा न आणता फिल्टर सुरू ठेवावा आणि रोज चिमूटभर खाणे टाकून जिवाणूंना अमोनिया पुरवावा. ओळखीच्या निरोगी टँकमधला वापरता स्पंज मिळाला तर वेळ वाचतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, की टँक तयार झाला.

पाणी कसे बदलावे?

पूर्ण टँक रिकामा करून घासणे ही सर्वांत महागात पडणारी सवय. दर आठवड्याला 20 ते 25 टक्के पाणी बदलणे पुरेसे असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते, म्हणून नवे पाणी अँटिक्लोरिन घालूनच ओतावे. स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस असावे. पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात त्यासाठी हीटर लागतो. 80 लिटरला 100 वॉटचा पुरतो. पाणी बदलण्याआधी तो बंद करून गार होऊ द्यावा, नाहीतर काच तडकते. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा.

सोबत कोण, खायला काय?

मोठा एंजलफिश निऑन टेट्रासारखे छोटे मासे गिळतो, तर टायगर बार्ब त्याचेच लांब पंख कुरतडतात. कोरीडोरास हे शांत सोबती. दाणेदार खाणे दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले खाणे म्हणजे नवा अमोनिया.

अंडी घातली तर?

लहान वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. म्हणून अनेक जण पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवतात आणि जोडी जमली की तिला वेगळा टँक देतात. मादी रुंद पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर शेकडो अंडी घालते. नर-मादी दोघेही पंखांनी त्यांना वारा घालतात आणि राखण करतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्ले पोहू लागतात. नवखी जोडी पहिली अंडी खाऊन टाकते, यात काळजीचे काही नाही.

मासे नकोसे झाले तर?

ते तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडू नयेत. टँकमधून बाहेर गेलेला सकर मासा आज भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत.