कुंडीतले झाड आणि खोलीतला माणूस

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकला असेल. आज मी घरातल्या कुंडीचा इतिहास सांगणार आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने मोर्चा सोडून मनीप्लँटवर बोलावे, याचे कोणाला हसू येईल. परंतु घरात कोणते झाड जगते, हे त्या घरात उजेड किती, वारा किती आणि घरच्या माणसांना फुरसत किती, यावर ठरते. उजेड, वारा आणि फुरसत या तीन गोष्टींसाठीच तर कामगार पिढ्यानपिढ्या झगडत आले आहेत. तेव्हा विषय दिसतो तितका परका नाही.

पहिली गोष्ट अशी की, निसर्गात 'घरातले झाड' म्हणून काही नसते. प्रत्येक झाड कोणत्या तरी रानातले असते. ज्या झाडाला आपण 'कमी निगेचे' म्हणतो, त्याने आपल्या मूळ ठिकाणी पुष्कळ सोसलेले असते. कोणी दाट जंगलाच्या तळाशी, वरच्या वृक्षांच्या सावलीत वाढलेले असते, कोणी सहा-सहा महिने पावसावाचून काढलेले असते. ही सोशिकता घेऊन ते आपल्या घरी येते. ते कसे आले, हे पाहण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला जावे लागेल.

त्या वेळचे लंडन कोळशावर चाले. चुली कोळशाच्या, गिरण्या कोळशाच्या. शहराच्या पूर्व भागात, गोद्यांच्या जवळ, वेलक्लोज स्क्वेअर नावाच्या वस्तीत नाथानिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना नेचे लावण्याचा नाद होता. पण कारखान्यांच्या धुराने त्यांचे नेचे मरत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटलीत बंद केला. कोषातून पतंग कधी निघतो ते त्यांना पाहायचे होते. पण काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवले. दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा खाली उतरे. वरून पाणी घालावे लागत नव्हते आणि धूर आत येत नव्हता. बाहेर मरणारे रोप बाटलीत सुखाने वाढत होते, आणि ते सुमारे चार वर्षे जगले.

वॉर्ड यांनी मग काचेच्या मोठ्या पेट्या करविल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या रोपांनी भरून जहाजाच्या डेकवरून सिडनीला पाठविल्या. रोपे जिवंत पोहोचली. परत येताना त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातली रोपे केप हॉर्नच्या बर्फातून आठ महिन्यांच्या प्रवासानंतर १८३४ मध्ये लंडनला टवटवीत उतरली. यापूर्वीची स्थिती काय होती? मकाव येथे राहणाऱ्या जॉन लिव्हिंग्स्टन या डॉक्टरांनी १८१९ मध्ये अंदाज केला होता की, चीनहून इंग्लंडला निघालेल्या हजार रोपांपैकी एखादेच जगते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बाकीची संपत. काचेच्या पेटीने हा हिशेबच उलटा केला.

१८४२ मध्ये वॉर्ड यांनी आपल्या पेट्यांवर पुस्तक लिहिले. त्यात गरिबांची स्थिती सुधारण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माणूस भला होता. त्याच्या मनात होते की, धुराने काळवंडलेल्या वस्तीतही चार हिरवी पाने नांदावीत. पण इतिहासात शोध लावणाराच्या मनात काय होते याला फारशी किंमत नसते. तो शोध कोणाच्या हाती लागला याला असते. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ पर्यंत होता. त्यामुळे पेटी आधी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनी सरकारच्या आणि साम्राज्याच्या जहाजांवर गेली.

१८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून हिंदुस्थानात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी आणली. १८६०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीत आला. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या; त्यांतून उगवलेली दोन हजारांच्या आतबाहेर रोपे काचेच्या पेट्यांतून सिलोनला रवाना झाली. पुढे मलायात रबराचे मळे उभे राहिले आणि त्या मळ्यांवर राबायला तामिळ मुलखातून माणसे नेली गेली. रोपांच्या प्रवासासाठी काच, ओल, ऊब आणि उजेड यांची काळजी घेतली गेली. माणसांच्या प्रवासात तितकी काळजी घेतल्याचे दिसत नाही. हे मी रागाने सांगत नाही. ज्याची किंमत धरली जाते त्याची निगा राखली जाते, एवढेच यातून दिसते.

आता दिवाणखान्याकडे येऊ. धुराच्या जोडीला तेथे आता गॅसचे दिवे आले. कोळशाच्या गॅसने खोली तापे, हवा कोंदट होई, आणि गळणाऱ्या गॅसने झाडांची पाने पिवळी पडून झडत. याचे कारण पुष्कळ उशिरा कळले. १९०१ मध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन संशोधकाने दाखविले की, दिव्याच्या गॅसमधला एथिलीन हा वायू रोपांची वाढ बिघडवतो. अशा खोलीत नाजूक फुलझाडे टिकेनात. टिकले ते ॲस्पिडिस्ट्रा. हे जपानच्या दक्षिणेकडील लहान बेटांवरचे, झाडीच्या सावलीत वाढणारे रोप. लांब, गर्द हिरवी पाने थेट जमिनीतून निघतात. फूल मातीलगत उमलते आणि बहुतेकांना दिसतही नाही. जपानात या पानाला हारान म्हणतात आणि ते जेवणाच्या डब्यात पदार्थ वेगळे ठेवायला वापरतात. इंग्लंडात हे रोप १८२०च्या दशकात आले आणि धूर, गॅस, अंधार व हयगय सोसून राहिले. लोकांनी त्याला 'बिडाचे झाड' असेच नाव दिले. मध्यमवर्गाच्या प्रत्येक खिडकीत ते दिसू लागले आणि प्रतिष्ठेची खूण झाले. १९३६ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी त्या झाडाचे नाव आपल्या कादंबरीला दिले. कादंबरीचा नायक त्या झाडाचा द्वेष करतो, आणि शेवटी तेच विकत घेऊन घरी आणतो.

गरिबांच्या घरी काय होते? त्यांना हिरवळीची आवड नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावचे विणकर आपल्या पिंक फुलांसाठी प्रसिद्ध होते, आणि लँकेशायरचे विणकर ऑरिक्युलाच्या फुलांसाठी. हातमाग घरात होता, म्हणून मागावरून उठून रोपाला पाणी घालता येई. कारखान्याचा भोंगा सुरू झाला तशी ती सवड गेली. दुसरीकडे खिडक्यांवर कर होता. १६९६ मध्ये बसविलेला हा कर १८५१ मध्ये उठला. तोवर कर चुकविण्यासाठी मालकांनी कित्येक खिडक्या विटांनी बुजविल्या होत्या. १८६०च्या दशकात लंडनच्या ब्लूम्सबरी भागात सॅम्युएल हॅडन पार्क्स या पाद्र्याने गरिबांच्या खिडकीतल्या कुंड्यांची प्रदर्शने भरविली आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. उपक्रम चांगलाच होता. पण पुस्तकाच्या नावातच गरिबांच्या खोल्या 'स्वच्छ व नीटनेटक्या' असाव्यात हेही आहे. भाडेकरूने खोली नीट ठेवावी हा उपदेश झाला. मालकाने त्या खोलीला खिडकी ठेवावी, हा दुसरा उपदेश करायला कोण पुढे येणार?

आपल्या मुंबईकडे पाहा. १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. त्या खोल्यांत आणि गिरणगावातल्या खासगी चाळींत कोकणातून, घाटावरून आलेली माणसे राहिली. आत झाड ठेवायला जागा नव्हती, म्हणून झाड बाहेर आले. गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेला तेलाचा किंवा तुपाचा डबा, तळाला खिळ्याने पाडलेली भोके, आणि त्यात तुळस. गिरणीच्या कापसाची फूस तिच्या पानांवर बसे. पहिल्या पाळीहून आलेला माणूस हात धुता धुता उरलेले पाणी तिला घाली. ती तुळस ऊन मागते, म्हणून कठड्यावरच जगते. घरात नेली की आठ-पंधरा दिवसांत रडते. कोणते झाड कोठे लावावे, हे त्या बायांना कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नव्हते.

आज चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, आणि गॅलरी गेली म्हणून झाड खोलीत आले आहे. तेव्हा निवडीचे आणि निगेचे चार शब्द सांगतो.

झाड घेण्याआधी खोली पाहा. माझी कसोटी साधी आहे. दिवा न लावता भर दुपारी जेथे वर्तमानपत्र वाचता येते, तेथे सोशिक झाड जगेल. जेथे वाचता येत नाही, तेथे कोणतेच झाड फार दिवस जगणार नाही. ते फक्त हळूहळू मरेल. मनीप्लँट मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरिया बेटावरचा. मंद उजेडात चालतो. स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेतला. पानांत पाणी साठवतो आणि पाणी वाचविण्यासाठी आपली रंध्रे रात्री उघडतो. झेडझेड प्लँट पूर्व आफ्रिकेतला. त्याच्या मातीखालच्या गड्ड्यांत पाण्याचा साठा असतो, म्हणून तीन-तीन आठवडे विसरलात तरी तो रुसत नाही.

ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. मरतात ती पाण्याच्या अतिरेकाने. माती भिजून राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून कुंडीच्या तळाला भोक हवेच. बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या, आणि ताटलीत साचलेले ओतून टाका. पावसाळ्यात पाणी आणखी कमी करा. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसा, कारण धूळ बसलेल्या पानाला उजेड मिळत नाही. मनीप्लँट बाटलीतल्या पाण्यात ठेवीत असाल, तर ते पाणी आठवड्याच्या आत बदला. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मनीप्लँट आणि झेडझेड यांची पाने लहान मुलांच्या तोंडी लागू देऊ नका. तोंडाची आग होते.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तोच मुख्य. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने झाडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बंद पेटीत झाडे ठेवली असता हवेतले काही विषारी वायू कमी झाले, असे त्यात आढळले. तेव्हापासून 'कुंडी ठेवा, हवा शुद्ध करा' हा मंत्र दुकानादुकानांत ऐकू येतो. पण प्रयोग बंद पेटीतला होता, आणि आपली खोली म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग या दोन संशोधकांनी जुने सगळे प्रयोग एकत्र मोजून पाहिले. खोलीत साधा वारा खेळता असला की जेवढी हवा साफ होते, तेवढी झाडांकडून करवून घ्यायला चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला.

हा हिशेब मला फार उपयोगी पडला. काही वर्षांपूर्वी एका कचेरीच्या तळघरात काम करणाऱ्या माणसांची गाऱ्हाणी घेऊन आम्ही व्यवस्थापनाकडे गेलो होतो. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, हवा खेळत नाही. हवा बाहेर टाकणारे दोन पंखे बसवा, एवढीच मागणी होती. पंधरा दिवसांनी पंखे आले नाहीत. बारा कुंड्या आल्या. पाने सुंदर होती. पत्रात लिहिले होते की, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी हवा शुद्ध करणारी झाडे दिली आहेत. आम्ही उत्तरात लिहिले की, कुंड्यांबद्दल आभारी आहोत, त्यांना आम्ही पाणी घालू, पण पंखे हवेत. दोन महिने पत्रव्यवहार चालला आणि पंखे बसले. कुंड्याही ठेवल्या. त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते?

१९४८च्या कारखाने अधिनियमाने हवा आणि उजेड यांची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. त्या कलमांत कुंडीचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि ते बरोबरच होते. झाड डोळ्यांना बरे वाटते, मनाला विसावा देते, काहीतरी जगवतो आहोत याचे समाधान देते. एवढे काम त्याच्याकडे पुरे आहे. खिडकीचे काम त्याच्यावर लादू नये.

ॲस्पिडिस्ट्राचे कौतुक झाले, कारण ते धूर, गॅस आणि अंधार तक्रार न करता सोसत होते. घरात असे झाड जरूर ठेवावे. पण माणसाची निवड करताना जेव्हा कोणी 'सोशिक', 'कमी निगेचा' हेच गुण शोधू लागतो, तेव्हा त्या खोलीची खिडकी आधी पाहून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.