न्यूपोर्ट, कॅल : एकाग्र कामाविषयीची ग्रंथरचना

(जन्म २३ जून १९८२). अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ व लेखक. चित्त एकाग्र करून करायचे बौद्धिक काम आणि फोन, ईमेल, समाजमाध्यमे यांमुळे त्यात पडणारा खंड हा त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय. डार्टमथ महाविद्यालयातून पदवी (२००४) घेतल्यावर एमआयटीत नॅन्सी लिंच यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. (२००९). २०११ पासून वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठात अध्यापन. वितरित अल्गोरिदम, म्हणजे अनेक संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवत एक काम कसे तडीस न्यावे याचे गणित, हा त्यांचा संशोधनविषय. पुढे कचेरीतल्या माणसांच्या निरोपांविषयी त्यांनी जे लिहिले, त्यामागे हीच दृष्टी दिसते.

सुरुवातीची तीन पुस्तके (२००५–१०) विद्यार्थ्यांसाठी होती. ‘सो गुड दे कान्ट इग्नोर यू’ (२०१२) मध्ये त्यांनी ‘आवडेल तेच करा’ हा लोकप्रिय सल्ला खोडून काढला. आधी कौशल्य येते, गोडी मागाहून लागते, असे ते म्हणतात. कौशल्य कमवायचे तर मन एका जागी बसवावे लागते. पुढच्या पुस्तकाचे बीज इथेच आहे.

ते पुस्तक ‘डीप वर्क’ (२०१६). बुद्धीला पुरते ताणणारे, अखंड अवधान मागणारे काम ते ‘सखोल’ म्हणून वेगळे काढतात. टपाल-निरोप, बैठका, पाठपुरावा ही ‘वरवरची’ कामे. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लरॉय यांच्या २००९ मधील संशोधनाचा आधार यात कळीचा आहे : एक काम सोडून दुसरे हाती घेतले तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणून निरोपावर टाकलेली ओझरती नजरही महाग पडते. एकांत साधण्याच्या रीती ते उदाहरणांनी दाखवतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९९० मध्ये ईमेल कायमचे सोडले. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग झुरिकला रुग्ण तपासत आणि लेखनासाठी बोलिंगनच्या दगडी बुरुजात जाऊन राहत. सामान्य नोकरदाराला यांतले काहीच जमणारे नाही; त्याच्यासाठी रोज ठरल्या वेळी बसण्याची रीत आहे, आणि पुस्तकाचा खरा उपयोगी भाग तोच. रांगेत उभे असताना फोन न काढता कंटाळा सोसायला शिकावे, हा त्यांचा आग्रहही मोलाचा आहे. क्षणाक्षणाला करमणूक मागणारे मन कामाच्या वेळी आपोआप स्थिर होत नाही.

‘डिजिटल मिनिमलिझम’ (२०१९) कामाकडून फावल्या वेळाकडे वळते. तीस दिवस ऐच्छिक डिजिटल साधने बाजूला ठेवावीत, त्या रिकाम्या वेळात काय करावेसे वाटते ते पाहावे आणि मग खरोखर उपयोगाची तेवढीच परत घ्यावीत, अशी त्याची पद्धत. न्यूपोर्ट यांच्या आवाहनावरून सोळाशेहून अधिक लोकांनी हा प्रयोग केला. अमेरिकेतला ॲमिश हा ख्रिस्ती समाज नवे यंत्र सरसकट नाकारत नाही, आपल्या जगण्याशी ते जुळते का हे आधी तपासतो, हे त्यातले विवेचन वाचण्यासारखे आहे. स्वतः न्यूपोर्ट समाजमाध्यमांवर नाहीत.

‘अ वर्ल्ड विदाउट ईमेल’ (२०२१) हे या मालिकेतले सर्वांत धाडसी पुस्तक म्हणावे लागेल. आधीच्या पुस्तकांत संयमाची जबाबदारी बहुतांशी व्यक्तीवर होती. येथे दोष कामाच्या रचनेवर येतो : प्रत्येक गोष्ट न ठरवलेल्या, अखंड निरोपांतून उरकायची असेल, तर एकट्याने टपालपेटी बंद केल्यास सहकारी खोळंबतात. म्हणून कोणते काम कोणाकडे, कुठवर आले आणि पुढचा प्रश्न कधी विचारायचा, याची पद्धत संस्थेनेच बसवावी, असे ते मांडतात. व्यत्ययाला आळसाचे किंवा दुबळ्या मनाचे लक्षण मानणाऱ्या उपदेशपर पुस्तकांपासून न्यूपोर्ट इथे निश्चितपणे वेगळे होतात.

‘स्लो प्रॉडक्टिव्हिटी’ (२०२४) तीन सूत्रे देते : कामे थोडी घ्यावीत, स्वाभाविक गतीने करावीत, दर्जाचा ध्यास धरावा. सतत गडबडीत दिसणे म्हणजेच काम, या समजावर त्यात टीका आहे.

या लेखनाची मर्यादा उदाहरणांच्या निवडीत आहे. त्यांतले बहुतेक लोक आपला दिवस आपणच आखू शकणारे. दुकानात, रुग्णालयात वा गाडीवर काम करणाऱ्याला दार लावून बसण्याची मुभा नसते. ‘स्लो प्रॉडक्टिव्हिटी’तले इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनचे उदाहरण याच दृष्टीने बोलके आहे. १८०९ मध्ये ती चॉटनला राहायला आली, घरकामातून बरीच मोकळी झाली आणि १८११ ते १८१५ या काळात तिच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. कामे थोडी असली की काय घडते, याचा दाखला म्हणून न्यूपोर्ट ही हकिगत सांगतात. पण घरातली कामे थांबली नव्हती. ती बहीण कॅसँड्रा आणि घरातल्या इतर बायकांकडे गेली होती. तीन सूत्रांपैकी एकही त्यांच्या दिवसाला लागू पडत नाही.