वारं गेलं, फोन लागला, पुढे काय? स्ट्रोक ओळखण्याची छोटीशी हिस्ट्री

आजची गोष्ट आहे मिनिटांची.

आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." म्हणजेच स्ट्रोक. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. टीपीए नावाचं गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या ३ तासांत दिलं, तर अपंगत्व कमी होतं. पुढे २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. पण एक अडचण होती. वाहिनी फुटली असेल तर हेच औषध घातक! त्यामुळे आधी सीटी स्कॅन हवाच.

मग प्रश्न आला, की हॉस्पिटलच्या आधी हे ओळखायचं कुणी? सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये लांबलचक तपासणीतून तीनच खुणा निवडल्या: तोंड वाकडं होतंय का, हात खाली पडतोय का, बोलणं अडखळतंय का. २००६ मध्ये जेफ्री सेव्हर यांनी हिशोब मांडला, की मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. २००८ च्या सुमारास जर्मनीतल्या होम्बुर्गच्या टीमने तर सीटी मशीनच अँब्युलन्समध्ये बसवलं.

पण त्याच्याही आधी असतो तो फोन कॉल. आणि फोनवर चेहरा दिसत नाही ना!

इथे मशीन लर्निंग आलं. कोपनहेगनच्या हेल्पलाइनचे जुने कॉल संगणकाने आधी लिखित मजकुरात बदलले आणि त्यातून स्ट्रोकच्या कॉलमधले शब्द कसे असतात ते शिकला. २०२३ चा निकाल असा: स्ट्रोकच्या १०० कॉलपैकी माणसांनी साधारण ५३ ओळखले, मशीनने ६३. भारीच! पण मशीनने "स्ट्रोक" म्हटलेल्या दर ४ कॉलपैकी साधारण ३ स्ट्रोक नव्हतेच. शिवाय ही परीक्षा रेकॉर्ड झालेल्या कॉलवर होती.

जिवंत कॉलवर काय होतं? त्याच शहरात हृदय बंद पडण्याच्या कॉलवर असा प्रयोग झाला, निकाल २०२१ मध्ये आला. मशीनने इशारा दिला, तरी फोन घेणाऱ्यांच्या ओळखण्यात ठोस फरक पडला नाही. म्हणजे नुसतं मशीन हुशार असून भागत नाही, समोरच्या माणसाने त्याचं ऐकायलाही हवं.

आणि आपला मुद्दा तर भाषेचा आहे. डॅनिश कॉलवर शिकलेल्या मशीनला "वारं गेलं" किंवा "जीभ जड झाली" कसं कळणार? सोलापूरची आजी जसं बोलते, तसं बोलणं ऐकूनच ते शिकावं लागेल.

तोवर मशीन आपणच. तोंड, हात, बोलणं. यातलं एक जरी अचानक बिघडलं, तर थेट १०८ लावा आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ सांगा. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या वेळी!