भूल आणि भूक : शस्त्रक्रियेनंतरच्या श्वानाची कथा



शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्याच्या बाजूने सांगितला जातो. कोणता अवयव कोणी प्रथम काढला, भुलीचे औषध कोणी शोधले, हे सारे सनावळीसह ग्रंथांत नमूद असते. परंतु टाके घातल्यानंतर रोग्याचे पुढे काय झाले, तो केव्हा उठून बसला, पहिला घास त्याने केव्हा घेतला, ह्या प्रश्नांना त्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. रोगी बोलता असेल तर तो निदान कण्हतो, सांगतो, तक्रार करतो. मुक्या जनावराला ती सोय नाही. नसबंदी करून घरी आणलेली कुत्री कोपऱ्यात अंग मुडपून पडते, आवडीचे अन्न पुढे केले तरी हुंगून मान फिरवते, आणि घरातील माणसे गोंधळून जातात. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे डॉक्टर म्हणतात. मग ही खात का नाही? वरकरणी लहान दिसणाऱ्या ह्या प्रश्नामागे दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. त्याचा धावता आलेख आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

मादी जनावराचे बीजांडकोश काढून टाकण्याची विद्या फार जुनी. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल ह्याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात डुकरिणीवर होणाऱ्या अशा क्रियेचे वर्णन केले आहे. युद्धासाठी हव्या असलेल्या सांडणी गाभण राहू नयेत म्हणून त्यांच्यावरही ती करीत, असे तो सांगतो. त्यात एक तपशील मोठा अर्थपूर्ण आहे. डुकरिणीला आधी दोन दिवस उपाशी ठेवीत, मग मागच्या पायांनी उलटी टांगून तिचे पोट चिरीत व शेवटी जखम शिवून टाकीत. म्हणजे अन्नाचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध त्या काळीही जाणत्या लोकांच्या ध्यानी आला होता. आजही शस्त्रक्रियेपूर्वी काही तास जनावराला उपाशी ठेवतात; कारण भुलीत उलटी झाल्यास ती फुप्फुसात उतरण्याचे भय असते. मात्र दोन दिवसांचा उपवास आज कोणी सांगणार नाही. लहान पिलांना तर थोडा उपासही सोसत नाही.

आपल्या देशात शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाशी आणि पालकाप्याचे नाव गजवैद्यकाशी जोडलेले आहे. गिरनारच्या शिलेवरील अशोकाच्या दुसऱ्या लेखात मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. तथापि हत्ती आणि घोडा ही राजाची संपत्ती; कुत्रा हा दाराशी पडणारा. विद्वानांच्या ग्रंथांत त्याच्या वाट्याला थोडेच आले.

पोट उघडूनही रोगी जगू शकतो, ह्याचा आधुनिक पुरावा मिळाला तो माणसाच्या देहावर. १८०९ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील केंटकी प्रांतात, डॅनव्हिल गावी, एफ्रेम मॅकडॉवेल ह्या शस्त्रवैद्याने जेन टॉड क्रॉफर्ड ह्या स्त्रीच्या बीजांडकोशाची प्रचंड गाठ काढली. भुलीचे औषध अद्याप जन्मास यावयाचे होते. सुमारे पंचवीस मिनिटे ती बाई शुद्धीवर राहून सर्व सोशीत होती. पाचव्या दिवशी मॅकडॉवेल तिला पाहावयास गेला, तो ती स्वतःचे अंथरूण आवरीत उभी! त्यानंतर ती तीस वर्षांहून अधिक काळ जगली. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा खरा दाखला वैद्याच्या टिपणात नव्हता. तो त्या आवरलेल्या अंथरुणात होता.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढल्याच वर्षी एडिंबरा येथे सिंप्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. वेदना गेली, पण भुलीचेच भय उत्पन्न झाले. क्लोरोफॉर्म देताना धडधाकट माणसे अकस्मात मरू लागली. मृत्यू हृदय बंद पडून येतो की श्वास बंद पडून, ह्यावर मोठा वाद माजला. त्या वादाचे रणांगण ठरले आपले हैदराबाद.

हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी ह्यांचा ठाम आग्रह असा की, भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे, श्वासाकडे लक्ष द्यावे. १८८८ साली निजामाच्या आश्रयाने त्यांनी पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमवून घेतला. त्यात १४१ कुत्र्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्षांविषयी शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन हे परीक्षक म्हणून हैदराबादेस आले. दुसऱ्या आयोगात चारशेहून अधिक कुत्रे खर्ची पडले. ब्रंटन आले होते ते शंका घेऊन. परंतु त्यांनीही शेवटी लॉरी ह्यांच्या मतास मान्यता दिली. ह्याच लॉरी ह्यांच्या हाताखाली रूपाबाई फर्दूनजी ह्या पारशी महिलेने भूल देण्याचे शिक्षण घेतले. पुढे १९११ साली लेव्ही ह्या संशोधकाने दाखवून दिले की, हलक्या भुलीत क्लोरोफॉर्म हृदयालाही दगा देऊ शकते. तेव्हा हैदराबादचा निर्णय अर्धाच खरा ठरला. मात्र श्वासावर नजर ठेवा हा धडा टिकला. आज कोणाही कुत्रीला सुखरूप भूल दिली जाते त्या ज्ञानात हैदराबादच्या त्या अनाम कुत्र्यांचा वाटा आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाला बरे करून घरी पाठवावयाचे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

क्लोरोफॉर्मने आणखी एक गोष्ट शिकवली. १८९४ साली गथ्री ह्या इंग्रज डॉक्टरने लहान मुलांविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडलेली असूनही काही मुलांना नंतर ओकाऱ्या सुरू होत आणि त्यांतच ती दगावत. औषधाने यकृतावर केलेला घाव उशिरा उघडकीस येई. भूल उतरली म्हणजे धोका सरला, ही समजूत तेथे मोडली. टेबलावरून उतरल्यानंतरचे तास आणि दिवस हाही शस्त्रक्रियेचाच भाग आहे, हे वैद्यकाला मान्य करावे लागले.

आता भुकेकडे वळू. भुकेचा खरा अभ्यास झाला तो कुत्र्यांवरच, रशियात. सेंट पीटर्सबर्ग येथे १८९० साली स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यकसंस्थेत इव्हान पाव्हलॉव्ह ह्यांनी कुत्र्यांसाठी स्वतंत्र शस्त्रक्रियागृह व बरे होण्यासाठी वेगळे कक्ष उभारले. १८६७ साली लिस्टरने मांडलेल्या जंतुनाशक पद्धतीतून जे शास्त्र वाढले होते, ते पाव्हलॉव्ह ह्यांनी कुत्र्यांना माणसाइतक्याच कसोशीने लागू केले. त्यांना मेलेल्या जनावराच्या पोटात काय आहे ते पाहावयाचे नव्हते; जखम भरून आलेले, धडधाकट, खाणारे-पिणारे जनावर हवे होते. कुत्रा बरा झाला नाही तर प्रयोगच सुरू होत नसे.

पाव्हलॉव्ह ह्यांनी आपल्या व्याख्यानांत एका कुत्र्याची हकीगत सांगितली आहे. त्याच्या स्वादुपिंडाचा रस पोटावर केलेल्या छिद्रातून बाहेर येई व कातडी खाई. त्या कुत्र्याने रात्री भिंतीचा गिलावा नखांनी पाडून त्याचा ढीग केला आणि त्यावर तो निजला. रस गिलाव्यात शोषला गेला आणि कातडी सुधारली. शास्त्रज्ञांनी तो इशारा ओळखून पुढे सच्छिद्र पदार्थांचे अंथरूण देण्यास प्रारंभ केला. रोग्याकडे नीट पाहिले तर मुका रोगीही उपाय सांगतो, तो असा.

पाव्हलॉव्ह ह्यांचा मोठा शोध असा की, अन्न पोटात पोहोचण्यापूर्वीच, ते नुसते दिसताच व जिभेवर येताच, मेंदूच्या आज्ञेने जठररस पाझरू लागतो. भूक ही केवळ रिकाम्या पोटाची हाक नव्हे. पचनाचा आरंभच तिच्यापासून होतो. ह्या कार्याबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ साली त्यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले.

आता आपला मूळ प्रश्न सोपा होतो. नसबंदीत कुत्रीचे बीजांडकोश, आणि बहुधा गर्भाशयही, काढतात. भुलीच्या औषधांनी मळमळते. अफूवर्गातील वेदनाशामकांनी आतड्यांची हालचाल मंदावते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीने घसा खवखवतो. जखमेच्या जागी दाह सुरू होतो आणि त्या दाहातून रक्तात उतरणारी द्रव्ये मेंदूतील भुकेची जाणीव दाबून टाकतात. वर दवाखान्याचा परका वास, भीती आणि गळ्यात अडकवलेली ती शंकूसारखी कॉलर. इतके झाल्यावर पहिल्या रात्री अन्नावरची वासना उडाली तर नवल नाही. बहुतेक कुत्री चोवीस तासांच्या आत थोडेफार खाऊ लागतात. थोडा भात, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, किंचित कोमट करून थोडे थोडे द्यावे. त्यात कांदा-लसूण नसावा. घास बळेच कोंबू नये. खाताना जवळ कोणी बसले असेल तर कॉलर तेवढ्यापुरती काढावी.

परंतु उपासाला मर्यादा आहे. पूर्ण दिवस उलटूनही कुत्री अन्नाला तोंड लावीत नसेल तर डॉक्टरांना कळवावे. दोन दिवस तर वाट पाहूच नये. हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगले, कुत्री उभी राहताना कोलमडू लागली, तर आतल्या आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. तेथे तासाचाही विलंब नको. वारंवार ओकारी, ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, लघवी न होणे, हीही धोक्याचीच चिन्हे. पहिल्या दिवशी खाल्ले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडले, तर जखमेत जंतू शिरल्याची शंका घ्यावी. माणसाची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला घातक ठरते.

भुकेच्या शास्त्राने पाव्हलॉव्हनंतर आणखी एक पाऊल टाकले ते १९९९ साली. जपानी संशोधक कोजिमा व कंगावा ह्यांनी जठरातून निघणारे घ्रेलिन हे संप्रेरक शोधून काढले. हेच मेंदूला भुकेची वार्ता देते. त्याची नक्कल करणाऱ्या कॅप्रोमोरेलिन ह्या औषधाला २०१६ साली अमेरिकेत कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. तथापि भूक का गेली हे शोधल्यावाचून भूक वाढवणारे औषध देणे म्हणजे धोक्याची घंटा वाजत असता कानांत बोळे घालणे होय. गंमत अशी की, जखम भरल्यानंतर तक्रार उलट होते. नसबंदी झालेल्या कुत्रीची भूक वाढते, शरीराची गरज मात्र घटते. तेव्हा तिला लठ्ठ होऊ न देणे हे पुढचे काम.

इतका त्रास असेल तर शस्त्रक्रिया करावीच का, असे कोणी विचारील. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्यामुळे टळतो. आणि रस्त्यावर उपाशी मरणाऱ्या पिलांची संख्या घटते. दुसऱ्या कारणाचा आपल्याकडील इतिहास रक्तरंजित आहे. मुंबईत १८३२ सालच्या जून महिन्यात सरकारच्या कुत्रेमार मोहिमेविरुद्ध पारशी लोकांनी दंगल केली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. पण त्यानंतरही शतकाहून अधिक काळ नगरपालिका कुत्री मारीतच राहिल्या आणि कुत्री काही संपली नाहीत. मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने १९६४ पासून नसबंदीचा मार्ग पुढे केला. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली त्यासाठी नियम झाले, २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, बरे करावे आणि जेथून आणले तेथे सोडावे, असा तो क्रम.

ह्या क्रमातील ‘बरे करावे’ हे शब्द सर्वांत स्वस्त दिसतात, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी गाळले जाण्याची भीती असते. किती शस्त्रक्रिया झाल्या ते मोजता येते, त्यांचे देयक काढता येते. पिंजऱ्यातील कुत्रीने आज सकाळी अन्न खाल्ले का, हे पाहण्यासाठी मात्र कोणीतरी माणूस तेथे थांबावा लागतो. घरच्या कुत्रीला निदान काळजी करणारे घर असते. रस्त्यावरची कुत्री टाके भरण्यापूर्वी सोडली, तर ती कोणत्या पडवीत पडून राहिली हे कोणाच्याच वहीत चढत नाही. मग तिला पकडणे, भूल देणे, शिवणे हा सारा खटाटोप वाया जातो, आणि गल्लीतील लोकांचा त्या उपायावरचा विश्वासही उडतो.

मॅकडॉवेलने आवरलेले अंथरूण पाहिले, पाव्हलॉव्ह ह्यांनी गिलाव्याचा ढीग पाहिला. ज्यांनी थांबून पाहिले त्यांच्यामुळे हे शास्त्र पुढे गेले. आपल्या गल्लीत नसबंदीची गाडी येईल तेव्हा किती कुत्री नेली एवढेच न विचारता, त्यांना किती दिवस ठेवणार व खाऊ-पिऊ लागल्याचे कोण पाहणार, हेही नागरिकांनी विचारावे. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे. कुत्रीला तो विचारता येत नाही.