दूध मापणारा उजेड

आपल्या कळंबहून गोरेगावची आरे वसाहत काही फार लांब नाही. ती 1949 साली उभी राहिली. मुंबईला 'टोन्ड' दुधाची सवय लावली दारा खुरोडी यांनी: म्हशीचं दाट दूध, त्यात पावडर आणि पाणी. आता गंमत बघा. पाणी डेअरीनं घातलं तर टोन्ड, गवळ्यानं घातलं तर भेसळ! मग मोजायचं कसं?

लॅक्टोमीटर फक्त घनता सांगतो. साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही केलं की आकडा जागच्या जागी.

म्हणून 1843 मध्ये पॅरिसच्या आल्फ्रेद दोने या डॉक्टरनं उजेड वापरला. दोन काचांमध्ये दूध, पलीकडे मेणबत्ती. काचा हळूहळू लांब करायच्या. ज्योत दिसेनाशी झाली की थांबायचं. थर जितका पातळ, तितकं स्निग्धांश जास्त असलेलं दूध. पण ज्योत दिसेनाशी झाली, हे ठरवणारा डोळा कोणाचा? बहुतेकदा घेणाऱ्याचा. माझ्या मते खरी अडचण तिथंच होती. पुढं गर्बरची आम्लाची नळी आली, तिनं भांडण बरंचसं मिटवलं.

1960 च्या दशकात डेन्मार्कच्या फॉस कंपनीच्या मिल्को-टेस्टरनं डोळ्याच्या जागी फोटोसेल बसवला. आधी प्रथिनं विरघळवायची, चरबीचे थेंब एकसारखे बारीक करायचे, मग उजेड किती अडतो ते बघायचं. त्याच दशकात इंग्लंडात इन्फ्रारेड आलं; चरबी, प्रथिनं, दुग्धशर्करा वेगवेगळ्या लहरी शोषतात.

मात्र म्हशीच्या दुधातले थेंब मोठे, चरबीही जास्त. गाईच्या दुधावर लावलेलं यंत्र इथं चुकू शकतं. ते म्हशीच्याच दुधावर, गर्बरशी ताडून लावावं लागतं. पावतीवरचा भाव त्याच आकड्यावरून ठरतो ना!