इट्स अ वंडरफुल लाइफ

नाताळच्या पार्श्वभूमीवरील अभिजात अमेरिकन कृष्णधवल चित्रपट (१९४६). निर्मिती व दिग्दर्शन : फ्रँक काप्रा. प्रमुख भूमिका : जेम्स स्टुअर्ट, डॉना रीड, लायनेल बॅरीमोर, हेन्री ट्रॅव्हर्स. संगीत : दिमित्री टिओमकिन.

फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ या कथेवर तो आधारित आहे. कथेला प्रकाशक मिळेना, तेव्हा स्टर्न यांनी १९४३ मध्ये तिच्या सुमारे २०० प्रती छापून नाताळची भेट म्हणून स्नेह्यांना पाठवल्या.

कथानक : बेडफर्ड फॉल्स या काल्पनिक गावातला जॉर्ज बेली जगप्रवासाची स्वप्ने बाजूला ठेवून वडिलांमागे त्यांची छोटी गृहकर्ज संस्था चालवतो. ही संस्था असल्यामुळेच सामान्य माणसे लोभी धनिक पॉटरच्या तावडीतून सुटून स्वतःची घरे बांधू शकतात. नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर काकांच्या हातून गहाळ होऊन पॉटरला सापडतात. तो ते दडवतो. अटकेच्या भीतीने जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो. तेथे क्लॅरेन्स नावाचा देवदूत त्याला तो जन्मलाच नसता, तर गावाचे काय झाले असते, हे दाखवतो. जॉर्जने लहानपणी बुडताना वाचवलेला भाऊ त्या गावात केव्हाच मेलेला असतो; साहजिकच त्या भावाने युद्धात वाचवलेले सैनिकही जिवंत नसतात. जॉर्ज जगण्याची इच्छा घेऊन परततो आणि गावकरी वर्गणी काढून तूट भरून देतात.

वैशिष्ट्ये : हृद्य चित्रपट असा लौकिक असला, तरी त्याचा बराचसा भाग कर्ज, कोंडमारा आणि नैराश्य यांनी व्यापलेला आहे. पॉटरला शिक्षा होत नाही, त्याने लाटलेली रक्कमही परत मिळत नाही. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात झाले; त्यामुळे बर्फ कृत्रिम होता. त्या काळी चित्रपटांत बर्फासाठी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. पण पायाखाली ते कुरकुरत असल्याने संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागत. या चित्रपटात अग्निशामक फेस, साबण व पाणी यांचे मिश्रण वापरल्याने ती अडचण दूर झाली. या तंत्राला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

प्रभाव : पाच ऑस्कर नामांकने मिळूनही तिकीटबारीवर चित्रपटाने निराशा केली. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले आणि दूरचित्रवाणी केंद्रे दर नाताळात तो दाखवू लागली. त्यातूनच त्याला घराघरांत लोकप्रियता लाभली. १९९० मध्ये त्याचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये प्रेरणादायी अमेरिकन चित्रपटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले.